अमेरिकेच्या विद्यापीठाकडे अर्ज करताना

आपल्या भागातील एखाद्या मुलाने अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याचा विचार बोलून दाखविला, की ऐकणारे दोन प्रकारचे निघतात. कोणी म्हणतो, "ते मोठ्या शहरांतल्या, इंग्रजी शाळांतल्या मुलांचे काम." कोणी म्हणतो, "आता काय, पैसा टाकला की कोणीही जातो." हे दोन्ही अभिप्राय मी पुष्कळदा ऐकले आहेत, आणि त्या वाटेने स्वतः जाऊन आल्यामुळे ते दोन्ही अपुरे आहेत, असे माझे मत झाले आहे. नंदगडातच मराठी माध्यमातून शिकलेला एक मनुष्य या नात्याने, ती वाट प्रत्यक्षात कशी आहे हे विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या पालकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही वाट आपल्या लोकांना मुळीच नवी नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगप्रसिद्ध संस्थेत शिकावयास गेलेला पहिला भारतीय विद्यार्थी पुण्याचा होता. केशव मल्हार भट हे त्याचे नाव, आणि साल होते १८८२. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनियास गेल्या. महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी स्वतः पत्र लिहिले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. आपल्या जिल्ह्याशी अधिक जवळचे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे प्रथम त्या नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. अशा अनुभवातून गेलेल्या या गृहस्थाने आपला मुलगा शंतनुराव यास १९२२ साली त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी पाठविले. १९२६ साली पदवी घेऊन शंतनुराव परत आले व किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कामास लागले. १९४६ साली त्यांनी पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी केली. ज्या बेळगावात आपण बाजाराला जातो, तेथल्या एका सायकलच्या दुकानापासून निघालेली वाट अशी बॉस्टनपर्यंत जाऊन परत आली.

त्या काळी जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि परदेशांतून तेथे आलेल्या विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. त्यांपैकी बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षण घेणारे. तेव्हा दार उघडे आहे, हे खरे. परंतु दारापाशी काय विचारतात, हे जाणून घेतल्यावाचून निघण्यात अर्थ नाही.

अर्जाचे मुख्य भाग पाच. पहिला भाग पदवी परीक्षेच्या गुणपत्रिका. दुसरा परीक्षांचा: इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयेल्ट्स, आणि काही ठिकाणी जीआरई. जीआरईमध्ये गणित व भाषा यांचे प्रत्येकी १३० ते १७० या पट्टीत गुण देतात. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा सुमारे दोन तासांची झाली आहे, आणि २०२० नंतर अनेक विभागांनी तिची अट काढून टाकली आहे. तिसरा भाग शिफारसपत्रांचा. बहुधा तीन पत्रे लागतात, आणि ती शिक्षकांनी परस्पर विद्यापीठाकडे पाठवावयाची असतात. चौथा भाग उद्देशाचे निवेदन: मला काय शिकावयाचे आहे, का, आणि येथेच का. पाचवा भाग खर्चाचा पुरावा. प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढा पैसा कोठून येणार, हे दाखवावे लागते. ते दाखविल्यावर विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देते, आणि तो कागद घेऊन व्हिसाच्या मुलाखतीस वकिलातीत जावयाचे. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि शिक्षण ऑगस्टमध्ये सुरू होते. म्हणजे तयारीस निदान दीड वर्ष आधी लागावे लागते.

यात सीमाभागातील मुलांना एक खास अडचण येते, ती नावाची. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरांसह दुसरे, आणि आधार कार्डावर तिसरे असू शकते. आडनावाची इंग्रजी वर्णरचना भावाभावांत वेगळी निघते. पासपोर्टात आडनाव व नाव असे दोन रकाने असतात. त्यांतील एक मोकळा राहिला, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "नाव अज्ञात" अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे येऊन बसतात आणि पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत सर्वत्र ती माणसाचा पाठलाग करतात. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बदलल्यामुळे जन्मगावाच्या जिल्ह्याचीही दोन रूपे कागदोपत्री झाली आहेत. म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. दहावीचा अर्ज भरताना वर्गशिक्षक नाव तपासून घ्यावयास सांगतात, तेव्हा ते खरोखर तपासून घ्यावे, आणि पुढील सर्व कागद त्याबरहुकूम करावेत.

आता उद्देशाच्या निवेदनाविषयी. पदवीनंतर मी बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत, एका ओतकामाच्या कारखान्यात, दोन वर्षे काम केले. ओतकामात ओलसर वाळूचे साचे करतात. वाळूत चिकणमाती व शेकडा तीन-चार भाग पाणी असते. सुमारे चौदाशे अंश तापलेला लोखंडाचा रस साच्यात ओतला, की त्या पाण्याची वाफ होते. वाळूतून बाहेर पडावयास तिला वाट मिळाली नाही, तर ती धातूतच अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळ छिद्रे राहतात. कामगार त्यांना ब्लोहोल म्हणतात. आमच्याकडे पावसाळ्यात अशी टाकाऊ कास्टिंगे वाढत. जुने मिस्त्री वाळू मुठीत दाबून, ती मोडून पाहून पाणी कमी-अधिक करीत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. मुठीला जे कळते ते मोजून, आधी सांगता येईल काय, हा प्रश्न माझ्या मनात दोन पावसाळे घोळत राहिला.

निवेदन लिहावयास बसलो तेव्हा पैसे घेऊन ते लिहून देणारेही भेटले. त्यांच्या नमुन्यात लहानपणी खेळणी मोडून जोडण्याची आवड, यंत्रांचे आकर्षण, थोर शास्त्रज्ञांची वचने असा सर्व सरंजाम होता. त्यात वाळू नव्हती. मी नमुना परत केला आणि प्रथम मराठीतच एका कागदावर लिहून काढले: मी काय पाहिले, मला काय कळले, काय कळले नाही, आणि ते कोण शिकवील. मग त्याचे इंग्रजी केले. इंग्रजी साधे झाले. परंतु पुढे ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम केले, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले ते त्या मिस्त्रींच्या मुठीविषयी. मराठी माध्यमाचा येथे मला तोटा झाला नाही, हे मी जाणीवपूर्वक नमूद करतो. बल, त्वरण, घनता या कल्पना ज्या भाषेत पहिल्याने नीट समजल्या, त्याच भाषेत विचार स्पष्ट होतो. इंग्रजीचा सराव मात्र हवा, आणि तो रोज हवा. तोंडी परीक्षेत यंत्रासमोर बोलावे लागते, तेथे पाठांतर उपयोगी पडत नाही.

शिफारसपत्रांचेही असेच आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गातील एकाविषयी शिक्षकांनी काय लिहावे? "हुशार व आज्ञाधारक" एवढेच पत्र असेल, तर ते असून नसून सारखे. म्हणून शिक्षकांना भेटून, आपण केलेले काम, प्रकल्प, विचारलेले प्रश्न यांची टिपणी त्यांच्या हाती द्यावी. त्याआधी, टिपणीत लिहिण्याजोगे काही केलेले असावे.

आता सर्वांत कठीण भाग, पैशाचा. मी सहा विद्यापीठांकडे अर्ज केले होते. मार्चअखेरपर्यंत तिघांचा नकार आला आणि दोघांचा होकार; परंतु त्या होकारांबरोबर कसलेही साहाय्य नव्हते. दोन वर्षांचे शुल्क व राहणीचा खर्च साठ हजार डॉलरांच्या घरात जात होता, म्हणजे त्या वेळच्या दराने चाळीस लाख रुपयांहून अधिक. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात. शेतजमीन चालणार नाही, राहते घर चालेल, असे आम्हांस सांगण्यात आले. घर आजोबांनी बांधलेले, आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण अजून व्हावयाचे होते.

आमचे आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "सही करतो मी, त्यात काय. पण आधी हिशोब सांग. शिकलास आणि तिथे नोकरी लागली नाही, तर हप्ता कुठून भरायचा?" मी माहितीपत्रकात छापलेला पगाराचा आकडा सांगितला. त्यावर ते म्हणाले, "हे लागली तर झाले. मी न लागली तर विचारतोय." या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. बेळगावच्या पगारात मांडून पाहिले, तर हप्ता पगाराहून मोठा निघे. त्या रात्री आम्ही तिघांनी, आप्पा, आई व मी, ठरविले की साहाय्य मिळाले तर जावयाचे, एरवी या वर्षी नाही. आई एवढेच म्हणाली, "घर राहू दे रे. वाट काय, पुन्हा सापडेल."

सुदैवाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहाव्या विद्यापीठाचे पत्र आले. संशोधन साहाय्यकाचे काम, त्याबद्दल शुल्कमाफी व दरमहा वेतन. तेथील पुष्कळ विद्यापीठांनी असा संकेत पाळला आहे, की साहाय्यासह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यास १५ एप्रिलपर्यंत विचारास वेळ द्यावयाचा. तोवर कोणी माघार घेतली, तर जागा दुसऱ्यास मिळते. माझी जागा अशीच कोणाच्या माघारीने मोकळी झाली असावी. पत्र आले नसते तर मी गेलो नसतो, आणि तो निर्णयही योग्यच ठरला असता, असे मला आजही वाटते. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना असे साहाय्य बहुधा मिळते; एम. एस. करणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते मिळत नाही. हा फरक अर्ज करण्यापूर्वी घरात सर्वांना ठाऊक असला पाहिजे.

आप्पांचा प्रश्न जुना झालेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा केली. तेथेच शिकून नोकरीस लागणाऱ्यांना ती रक्कम लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला; पण मधल्या काळात कितीतरी घरांतील झोप उडाली असेल. नियम त्यांचे, ते बदलणार, घर आपले. म्हणून नोकरी न लागल्याचा हिशोब प्रथम मांडावा, आणि तो जमला तरच पुढे पाऊल टाकावे.

विद्यार्थी मित्रहो, हे वाचून कोणी खचू नये. या वाटेवर गुणांपेक्षाही ज्याची विचारपूस होते, ते म्हणजे आपण स्वतः पाहिलेले व मनात धरून ठेवलेले प्रश्न. ते मिळविण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पावसाळ्यात गढूळ का होते, खानापुरी कौल भट्टीत कोठे ठेवले असता अधिक भाजते, घरचा पाण्याचा पंप उन्हाळ्यात पाणी का ओढीत नाही, असे प्रश्न नववी-दहावीतच वहीत टिपून ठेवावेत, आणि त्यांतील एकाचा तरी वर्षभर पिच्छा पुरवावा. मग पुढे कोणी अमेरिकेस जाईल, कोणी बेळगावास राहील. दोन्ही ठिकाणी ती वही उपयोगी पडेल. आणि ज्यांना जावयाचे असेल त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना हिशोबाच्या कागदापासून दूर ठेवू नये; इंग्रजी न येणारी माणसेही त्या कागदावरचा नेमका प्रश्न ओळखतात.