सिरीजचा दिवा

दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझी के.टी. लागली. हॉस्टेलवर अशी बातमी मेसच्या घंटेच्या आधी पोचते! मग ठरवलं, या वेळी रेक्टिफायर पाठ करायचा नाही, बनवायचा. रूमवर एलएम १८७५ आयसीचा ॲम्प्लिफायर अर्धवट पडलाच होता. त्याला अधिक-उणे २५ व्होल्टचा सप्लाय हवा होता.

विकतचा ट्रान्सफॉर्मर परवडेना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना विचारलं. अण्णांचं तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. खरं सांगतो, कॉलेजात कुणी विचारलं तर मी नुसतं "वडिलांचा बिझनेस आहे" म्हणायचो.

अण्णांनी जुना कोअर पट्टीनं मोजला. "व्होल्टला चार वेढे." म्हणजे प्रायमरीला २३० चे ९२०. सेकंडरी १८-०-१८, दोन्ही बाजूंना ७२-७२, आणि लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून वर तीन-चार जास्त. सगळं तोंडी. मी सांगितलं, १८ ला १.४१४ नं गुणलं की २५ येतात, कारण कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो. अण्णा म्हणाले, "असं होय! मीटरवर वाढीव दिसायचं, कारण आज कळलं."

चार डायोड आणि ५० व्होल्टचे ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर जोडले. मी प्लग लावणार, तोच अण्णांनी हात धरला. "थांब. आधी सिरीजमध्ये लाव." भिंतीवरच्या सिरीज बोर्डात १०० वॉटचा बल्ब होता. बटण दाबलं, बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. अण्णांनी झटकन बंद केलं. "कपॅसिटर भरताना एकदा चमकून मंद व्हायला पाहिजे. कुठंतरी शॉर्टसारखं आहे."

चूक माझीच. उणे बाजूच्या कपॅसिटरचं अधिक टोक ग्राउंडला जातं. मी दोन्हींची उणे टोकं ग्राउंडला जोडली होती. मध्ये बल्ब नसता तर तो उलटा कपॅसिटर माझ्या तोंडासमोर फुटला असता. अण्णा रागावले नाहीत. "हा आता टाकून दे, नवा लाव," एवढंच म्हणाले. नवा लावल्यावर बल्ब चमकला आणि हळूहळू विझला.

हॉस्टेलवर आल्यावर स्पीकर घुमायला लागला. मेन्स ५० हर्ट्झ, फुल वेव्हमध्ये दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या जातात, म्हणून १०० हर्ट्झची घरघर. रात्री दोन वाजता सगळ्या ग्राउंडच्या वायरी दोन कपॅसिटरच्या मधल्या एकाच बिंदूवर आणल्या. घरघर गेली. पार्टनर झोपेतच म्हणाला, "बंद पडला का रे?" मी गाणं लावलं आणि शिव्या खाल्ल्या.

के.टी.च्या ओरलला सरांनी विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"माझ्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सर. तिथं."

के.टी. सुटली. पण त्याहून मोठं काहीतरी सुटलं होतं.