विसरलेली गोळी

रविवार, दवाखाना बंद, सौ. मुलीकडे पुण्याला. पेपर आणायला गणपतीपुळ्याच्या स्टँडवर गेलो, समोर रत्नागिरीची गाडी उभी. चढलो! काम नसताना एकट्याने असा मी कधीच कुठे गेलो नव्हतो. आरे-वारेला समुद्र दिसला तेव्हा फोनसुद्धा बंद केला.

थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा पदच्युत राजा १९१० साली या वाड्यात आला आणि १९१६ साली रत्नागिरीतच वारला. त्या बिचाऱ्याला संध्याकाळची परतीची गाडी नव्हती.

तिथेच आठवलं, सकाळची बीपीची गोळी राहिली. माझ्या वडिलांनी 'बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणात गेली. माझी गोळी अ‍ॅम्लोडिपिन. तिचा असर शरीरात बराच वेळ टिकतो, त्यामुळे काही तासांच्या उशिराने घाबरायचं कारण नसतं. आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी, पण दोन एकदम घेऊ नयेत.

मेडिकलमध्ये जाऊन गोळी घेतली, तिथेच पाणी मागितलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, ही रोज घ्यायची असते हां. डॉक्टरांनी सांगितलं नाही का?"

"सांगितलंय," म्हटलं.