वेळ कुठं लपलीय, पार्टनर?

माझा रूम-पार्टनर कंट्रोल सिस्टिम्सच्या प्रॅक्टिकलला स्क्रीनला नाक लावून बसतो. ही अतिशयोक्ती नाही हं! लहानपणापासून त्याची नजर अधू आहे. मॅग्निफायर लावला की स्क्रीनचा एक तुकडा मोठा दिसतो आणि बाकीची स्क्रीन गायब. डोकं मात्र असं की अर्धी विंग परीक्षेच्या आदल्या रात्री रूट लोकस त्याच्याकडूनच शिकते.

मागच्या सेमला त्याची विकेट पडली ती टायमरपायी. आपल्या लॅबमध्ये सायलॅबमधलं एक्सकॉस आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत जन्मलेलं, फुकट, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने आपल्याकडच्या कॉलेजांत रुजवलेलं. ब्लॉक उचलायचे, तारा जोडायच्या, स्टार्ट दाबायचं. जोडणी त्याने माझ्याआधी केली. स्टार्ट दाबलं, स्कोपची खिडकी उघडली, आणि हा मॅग्निफायर तिथवर सरकवेपर्यंत वक्र पडद्यावरून निघूनही गेला. पुढच्या पडद्यावर नुसती सरळ रेघ. थांबवावं तर स्टॉपचं तिळाएवढं चिन्ह दुसऱ्याच खिडकीच्या पट्टीवर. एक्स्टर्नलनी विचारलं, "ओव्हरशूट किती?"

"सर, तो गेला."

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

लेखी परीक्षेत त्याला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान तेवढी द्यायचीच असं होतं. प्रॅक्टिकललाही मागून घेऊ, असं मी मेसहून येताना म्हटलं. तर हा अकोल्याकडचा गडी म्हणतो, "मले जास्त टाइम नको बे. त्या टाइमाचा लगाम पाह्यजे."

दिवाळीच्या सुट्टीत तो डोंबिवलीला आमच्या घरी आला होता. फराळाचं ताट शेजारी ठेवून आम्ही एक्सकॉसमध्ये वेळ नक्की कुठे कुठे ठेवलीय ते शोधायला बसलो. सापडले चार आकडे, तीन ठिकाणी! सिम्युलेशन किती सेकंद चालणार हे मेनूतल्या सेटअपमध्ये. आमच्या व्हर्जनमध्ये तिथे आधीपासून १ लाख सेकंद भरलेले होते, म्हणजे जवळजवळ २८ तास! तिथेच खाली रिअल टाइम स्केलिंग. ते ० असलं की मशीनला जमेल तितक्या वेगाने गाडी सुटते. १ केलं तर सिम्युलेशनमधला एक सेकंद आपल्या घड्याळाच्या एका सेकंदात जातो. दर किती वेळाने बिंदू काढायचा हे लाल तारेच्या क्लॉक ब्लॉकमध्ये. आणि पडदा किती सेकंदांनी नव्याने सुरू करायचा हे स्कोपच्या पोटात. तो आकडा ३० होता. म्हणजे १ लाख सेकंदांत तीन हजारांहून जास्त पडदे, आणि आमचा ओव्हरशूट फक्त पहिल्यावर. धडधाकट डोळ्यांनाही ते दिसत नव्हतं. आम्ही जर्नलमध्ये एकमेकांचं बघून उतरवत होतो, एवढंच.

सिम्युलेशनची वेळ १० आणि पडदाही १० केला, स्केलिंग १ केलं. वक्र सावकाश चढला आणि तिथेच थांबला. पार्टनरने नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "हे पाय, गेलाच नाही!"

मग सायलॅबमध्येच एक छोटी खिडकी लिहिली. आकृती तीच, पण चारही आकडे एका जागी, मोठ्या ठळक अक्षरांत, मराठीत: किती सेकंद, किती वेगाने, बिंदू केव्हा, पडदा केव्हा. खाली जाडजूड 'चालू'. आईने मागून डोकावून विचारलं, "संपलं हे कळतं कसं? माझ्या कुकरला निदान शिट्टी आहे." आम्ही गप्प.

परत निघालो त्या दिवशी डोंबिवली स्टेशनवर फास्ट लोकलची वाट बघत होतो. इंडिकेटरवरची मिनिटं पार्टनरला दिसेनात, पण अनाउन्समेंट झाली तसा तो बॅग उचलून तयार. मला म्हणतो, "एकच टाइम, पण हे लिहूनबी दाखवते अन् बोलूनबी सांगते. आपल्या खिडकीले काय धाड भरली?" हॉस्टेलवर पोचल्या पोचल्या शेवटी बीप टाकला. (आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, किती शिट्ट्या?)

नंतर वाचनात आलं की वेब पानांसाठीच्या २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० नियमांत 'पुरेसा वेळ' असं वेगळं कलमच आहे: वेळेची मर्यादा माणसाला बदलता यावी, आपोआप हलणारी गोष्ट थांबवता यावी. आम्ही आपलं दिवाळीच्या सुट्टीत चकल्या खाताना तिथवर पोचलो होतो.

लॅबच्या सरांनी खिडकी बघितली, दोन चुका काढल्या आणि सगळ्या मशीनवर टाकून दिली. आता पूर्ण बॅच तीच वापरते. या सेमला पार्टनरने ओव्हरशूट स्वतः मोजला. एक्स्टर्नल वेगळे होते, त्यामुळे "सर, हा पाहा, थांबलाय" यातली गंमत त्यांना कळली नाही.

'थांबा' बटन मात्र अजून नीट चालत नाही. सिम्युलेशन सुरू झालं की आमची खिडकी कधी ऐकते, कधी बहिरी होते. पार्टनर रोज जेवणानंतर मागे लागतो. ज्युनिअर्सपैकी कुणाला सायलॅब येत असेल तर दुसऱ्या मजल्यावर या. चकल्या अजून थोड्या उरल्यात.