मामाचे की भाचीचे?

आम्हा रत्नागिरीकरांना दोन सारख्या वस्तूंमधून एक निवडायला सांगणे म्हणजे मेजवानीला बोलावण्यासारखे आहे. आंबे घ्यायला गेलेला गृहस्थ दोन हापूस दोन तळहातांवर तोलतो, देठाशी नाक नेतो, हातांची अदलाबदल करून पुन्हा तोलतो, आणि अर्ध्या तासाने पहिलाच आंबा पिशवीत टाकून घरी येतो. वर बायकोला सांगतो, "निवडून आणलाय हो!" दोघांत फरक काय होता, हे मात्र त्याला विचारू नये. मीही याच मातीतला. तेव्हा २०२३ च्या दिवाळीत दोन ग्राफिक्स कार्डांतून एक निवडायला मी वीस दिवस लावले, यात नवल ते काय?

झाले असे की, त्या वर्षी माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होती. तिची आई, म्हणजे माझी ताई, देवरुखला असते. भाची दिवसा कॉलेजात संगणकशास्त्र शिके आणि रात्री जेवणे आटोपली की देवरुखच्या मैत्रिणींशी संगणकावर खेळ मांडून बसे. पण संगणक जुना. नवा खेळ सुरू केला की तो जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकू लागे. नवरात्रात ताईचा फोन आला.

"यंदा भाऊबीजेला मला साडी नको हो. त्यात थोडी भर घाल आणि पोरीला ते कसलं कार्ड हवंय, ते घेऊन दे."

ताईने स्वतःसाठी कधी काही मागितल्याचे मला आठवत नाही. मुलीसाठी का होईना, पण मागितले, म्हणून मी ही कामगिरी फारच मनावर घेतली.

कार्ड म्हटले की आमच्या पिढीला आधी रेशनकार्ड आठवते. हे कार्ड निघाले चांगले विटेएवढे, वर पंखे बसवलेले. ते करते काय, हे भाचीने मला अंगणातच समजावून दिले. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आमच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००! ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसायची आणि साठ वेळा नव्याने भरायची. संगणकाचा मुख्य मेंदू मोठा विद्वान खरा. पण शास्त्रीबुवांना एकट्याने एवढी रांगोळी भरायला बसवले, तर दिवाळी उलटून तुळशीचे लग्न येईल. तेथे हव्यात आळीतल्या साऱ्या पोरी, प्रत्येकीच्या चिमटीत थोडा थोडा रंग. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हा पोरींचा थवा.

आमच्या ऐपतीत बसणारी कार्डे दोन. एक एन्व्हिडियाचे आरटीएक्स ४०६०, दुसरे एएमडीचे आरएक्स ७६००. दोन्ही २०२३ सालचीच. दुसरे मेच्या अखेरीस बाजारात आले, पहिले जूनच्या अखेरीस. दोघांची स्मरणशक्ती आठ-आठ गिगाबाइट, आणि त्या स्मरणशक्तीकडे जाणारा रस्ताही दोघांचा सारखाच अरुंद, १२८ बिटांचा. पहिल्यात रंग भरणारे हात ३,०७२, दुसऱ्यात २,०४८. मी लगेच पहिल्याच्या बाजूने कौल देणार होतो, पण भाचीने अडवले. दोन घरांतले हात वेगवेगळ्या रीतीने काम करतात, तेव्हा नुसती डोकी मोजण्यात अर्थ नाही, म्हणाली. अमेरिकेत पहिल्याची मूळ किंमत २९९ डॉलर, दुसऱ्याची २६९. तीस डॉलरांचा फरक म्हणजे तेव्हाच्या भावाने अडीच हजार रुपयांच्या आसपास. आणखी गंमत अशी की, दोन्ही कार्डांच्या चिपा तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीत तयार होतात. एकाच कढईत तळलेल्या या दोन करंज्या. पाती आणि सारण तेवढे वेगळे.

पण खरी गंमत मला पुढेच कळली. एन्व्हिडिया १९९३ साली ज्या तिघांनी काढली, त्यांतले जेन्सन हुआंग अजून तिचे प्रमुख आहेत. एएमडीच्या प्रमुख २०१४ पासून लिसा सू. दोघेही मूळ तैवानचे, दोघेही लहानपणी अमेरिकेत गेलेले, आणि चक्क एकमेकांचे नातेवाईक! सूबाईंच्या आईचे वडील आणि हुआंग यांच्या आई ही सख्खी भावंडे. इंग्रजीत हे नाते सांगायला अर्धे वाक्य लागते आणि तरीही ऐकणाऱ्याला उमगत नाही. मराठीत ते एका शब्दाचे काम आहे. आईचा आतेभाऊ, म्हणजे कोण? मामाच की!

म्हणजे जगभरची पोरे ज्या दोन कार्डांवरून हमरीतुमरीवर येतात, तो मुळात मामा-भाचीचा मामला. तेव्हापासून आमच्या घरात ४०६० चे नाव "मामाचे" आणि ७६०० चे नाव "भाचीचे" असे पडले. मी अर्थातच मामाच्या पक्षात गेलो, भाची भाचीच्या. सौभाग्यवतींनी तटस्थ राहून चकल्या तळल्या.

मग सुरू झाली तुलना. साध्या खेळांत दोन्ही कार्डे इतकी बरोबरीने धावतात की, मामाचे कणभर पुढे असले तरी डोळ्यांना ते कळू नये. फरक पडतो तो उजेडाच्या हिशेबात. ओल्या फरशीवर पणती ठेवली की तिचा उजेड भिंतीवर जातो, भिंतीवरून पितळी तांब्यावर, तांब्यावरून आपल्या डोळ्यांत. उजेडाच्या एकेका किरणाचा असा माग काढून चित्र रंगवायचे, तर तेथे मामा सरळ पुढे निघून जातात. शिवाय दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक काल्पनिक चित्र बेमालूम घुसवून खेळ अधिक सफाईदार भासवण्याची विद्याही मामांकडे आहे. तशी विद्या भाचीनेही त्याच वर्षी बाजारात आणली, आणि ती मनाने उदार: तिची विद्या मामाच्या कार्डावरही चालते. मामाची विद्या मात्र घराचा उंबरा ओलांडत नाही. हे वाचून दाखवताना भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला तेव्हा थट्टेची वाटली.

मी वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. मामाचे कार्ड भर कामात ११५ वॉट वीज घेते, भाचीचे १६५. फरक पन्नास वॉटांचा. रोज दोन तास खेळ धरला तर वर्षाला साडेछत्तीस युनिटे. युनिटला दहा रुपये धरले तर ३६५ रुपये, म्हणजे दिवसाला बरोबर एक रुपया! या हिशेबाने किमतीतला अडीच हजारांचा फरक भरून निघायला सात वर्षे हवीत. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते-जाते. घरातला बॅटरीचा डबा ६०० व्हीएचा. सारा संगणक मिळून तीनशे वॉटांच्या आत राहिला, तरच तो निभावून नेणार. हा मुद्दा मामाच्या खात्यात. आणि शेवटचा कौल भाचीनेच दिला. एन्व्हिडियाच्या कार्डावर नुसती चित्रेच नव्हे, तर मोठमोठी गणितेही करता येतात. क्युडा नावाची ती पद्धत २००७ सालापासून चालत आली आहे, आणि तिच्या अभ्यासातले बरेच काम तिच्यावरच बेतलेले.

"खेळायला भाचीचं पुरेल रे मामा," ती म्हणाली, "पण शिकायला मामाचंच लागेल."

तात्पर्य, मामाचे आले.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर मी मोठ्या ऐटीत तिला संगणकापुढे बसवले आणि वीस दिवसांचा पोवाडा गायला सुरुवात केली. वही उघडून दोन रकाने दाखवले. दिवसाचा तो एक रुपयाही दाखवला. तैवानचे मामा आणि तैवानची भाची यांची कथा तर मी रंगवून सांगितली. ताई कौतुकाने ऐकत होती. शेवटी तिने विचारले,

"मग, कोणाचं घेतलंस?"

"मामाचं!"

ताई खळखळून हसली. "म्हणजे इथंही मामाच्याच पदरात पडलं म्हणायचं!"

सगळे हसले. मीही हसलो, पण क्षणभर मागाहून. माझ्या जुन्या संगणकावर चित्र असेच मागाहून उमटत असे.

पावसजवळ आमची आंब्याची बाग आहे. वडिलांनी स्वतः घेतलेली जागा, चाळीस कलमे. आई आधीच गेली होती. २०१४ मध्ये वडीलही गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा मालमत्तेत मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा. हे मला ठाऊक होते, ताईलाही ठाऊक होते. पण बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावे, ही आमच्याकडची रीत. मी कागद तयार करवून घेतला, ताईला बोलावले. तिने विचारले, "कुठं सही करू?" एवढेच. मी बोट ठेवून जागा दाखवली. त्या कामाला पाच मिनिटे लागली असतील. नंतर आम्ही मिसळ खाल्ली, आणि तिचे पैसे ताईने दिले.

त्या रात्री ताईच्या बोलण्यात कडवटपणा होता का, हे मी पुष्कळ आठवून पाहिले. नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. भांडता तरी आले असते. पन्नास वॉटांच्या फरकासाठी वहीवर रेघा मारणाऱ्या माणसाने दोन सारख्या वाट्यांसाठी कधी रेघ मारली नव्हती, एवढेच काय ते त्या हसण्यातून माझ्यापर्यंत पोचले.

सकाळी मी ताईकडे विषय काढला. "अरे, आता कशाला?" म्हणून तिने तो उडवून लावला. मी नेटाने पुन्हा पुन्हा काढला. अखेर पुढच्या दिवाळीच्या आत बागेतला निम्मा हिस्सा ताईच्या नावावर झाला. त्यासाठी जो कागद करावा लागला, त्याला बक्षीसपत्र म्हणतात. तिचेच तिला परत करायचे आणि वर त्याला बक्षीस म्हणायचे! पण कायद्याला दुसरा शब्द ठाऊक नव्हता, आणि ताईने त्याबद्दलही तक्रार केली नाही.

आता मोसमात आंबे उतरले की आम्ही पडवीत दोन राशी करतो. हिशेब भाचीने संगणकावर मांडून दिला आहे. सवयीने मी अजूनही आंबा हातात घेऊन तोलतो, देठाशी नाक नेतो. पण कोणता चांगला हे ठरवायचे नसते. एक या राशीत ठेवायचा आणि एक त्या. फार सोपे काम आहे. त्याला वीस दिवस लागत नाहीत.