अंबाजोगाईला जाल तेव्हा

अंबाजोगाई आपल्या बीड जिल्ह्यातलीच. जवळची, म्हणून तिथे जाताना आम्ही कधी नीट विचारच केला नाही. एस. टी. पकडायची, योगेश्वरीची ओटी भरायची आणि धारेच्या वेळेला घरी परतायचे, ही आमची रीत.

धाकट्या दिराच्या लग्नानंतर नवरानवरीला देवीच्या पायांवर घालायला निघालो, तेव्हा मामंजीही बरोबर आले. रोज पहाटे पोथी वाचणारा माणूस. गाडीतच म्हणाले, "औंदा मुकुंदराजाच्या समाधीवर डोकं टेकवायचंय बरं का." आम्ही हो म्हटले. पण रांगेतच दुपार झाली. पुढे बांगड्या, कुंकू, खेळणी. समाधी गावाबाहेर, डोंगराच्या दरीत. रिक्षाचा भाव करेपर्यंत शेवटच्या गाडीची वेळ झाली. "मामंजी, पुढच्या खेपेला नक्की," मी म्हणाले. ते नुसते "बरं" म्हणाले. त्याच माघात ते गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही दोघेच पुन्हा गेलो. त्या दिवशी जे उमगले, ते बायाबहिणींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिते.

नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या उत्सवात गर्दी फार. म्हातारी माणसे, लेकरे बरोबर असतील तर एरवीचा दिवस धरावा. लांबून रेल्वेने येणाऱ्यांनी परळीला उतरावे, वैजनाथाचे दर्शन घ्यावे आणि तिथून गाडीने यावे. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी विचारून घ्यावी. भाकरी आणि पाणी घरचे असावे.

सकाळी लवकर देवीचे दर्शन आटोपले की लगेच समाधीला निघावे. जे लांबचे, ते आधी. रिक्षा ठरवताना जाऊन-येऊन किती आणि तिथे थांबणार किती वेळ, दोन्ही बोलून घ्यावे. पावसाळ्यात पायाखाली निसरडे असते, म्हाताऱ्यांचा हात सोडू नये. मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी मानतात. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा सांगतात. ज्ञानेश्वरी १२९०ची. आपण चुलीपुढे बसून जी भाषा बोलतो, ती इतकी जुनी!

परत येताना हत्तीखाना पाहावा. जयंती नदीच्या काठी खडक कोरून केलेली ही लेणी, आणि अंगणात दगडाचे हत्ती. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचे झाले, अशी कथा आहे. लेकरांना ती हत्तींपुढे उभे करून सांगावी, घरी सांगून ती गोडी येत नाही. मात्र हत्तींवर चढू देऊ नये, आणि दगडावर नावे कोरू नयेत. दुपारी दगड तापतो, म्हणून ऊन चढायच्या आत जावे.

वेळ उरला तर दासोपंतांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. १६१५मध्ये समाधिस्थ झालेल्या या संताने सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ग्रंथ लिहिला. त्याला पासोडी म्हणतात. ती पाहायची असेल तर आधी विचारून जावे, आयत्या वेळी हट्ट धरू नये. बाजारहाट सगळ्यात शेवटी.

त्या दिवशी समाधीपाशी आमच्या ह्यांनी डोके टेकवले, उठले, आणि पुन्हा एकदा टेकवले. दुसरे कोणाचे, ते मी विचारले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक नेम आहे. कुठेही निघायचे झाले की पिशवी भरायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, "तुम्हाला काय पाहायचंय?" आणि ते पहिल्यांदा दाखवायचे. तुम्हीही विचारा.