उत्तर आलं, पण कोणाचं?

डिप्लोमा करून भोसरीच्या एमआयडीसीत कामाला लागलो, तेव्हा यंत्रं आरएस-४८५ च्या दोन वायरींवरून बोलायची. मॉडबसमध्ये प्रत्येक स्लेव्हला १ ते २४७ मधला एक नंबर द्यायचा. एकच नंबर दोघांना गेला की दोघं एकदम बोलत आणि मास्टरला कुणाचंच धड कळत नसे. पुढे पॅनेलमध्ये इथरनेटचे स्विच आले, नंबरांच्या जागी आयपी ॲड्रेस आले, आणि पिंग आयुष्यात आला तो कायमचा.

अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग हा प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहिला. सोनारचंच तत्त्व: हाक द्यायची आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. इतकं साधं हत्यार इतकी वर्षं टिकलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

पण पिंगला उत्तर आलं म्हणजे हवं तेच यंत्र बोललं असं नाही. एका फिलिंग लाइनवर ड्राइव्हचा संपर्क मधूनच तुटायचा. केबल बदलून झाली, स्विचचा पोर्ट बदलून झाला. लॅपटॉपवर पिंग सतत चालू ठेवला. उत्तरं व्यवस्थित येत होती, मात्र ओळीच्या शेवटचा टीटीएल, म्हणजे पॅकेटचं उरलेलं आयुष्य सांगणारा आकडा, कधी १२८ दिसे, कधी ६४. एकाच यंत्राचा टीटीएल असा उड्या मारत नाही. ड्राइव्हची केबल उपसली, तरी उत्तरं चालूच. मग ‘एआरपी -ए’ देऊन कुठल्या आयपीमागे कुठला मॅक ॲड्रेस आहे त्याचा तक्ता पाहिला. मॅक ॲड्रेसची सुरुवातीची तीन बाइट्स ड्राइव्ह बनवणाऱ्याची नव्हतीच. ती निघाली नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्याची; त्याला ड्राइव्हचाच आयपी दिला गेला होता.

म्हणून आता नवीन मुलांना मी उलट्या क्रमाने शिकवतो: यंत्र जोडण्याआधी त्याचा ॲड्रेस पिंग करा. गप्प असेल तरी एआरपीचा तक्ता बघा, कारण पिंगला दाद न देणारं उपकरणही त्याच नेटवर्कवर एआरपीला सहसा उत्तर देतं. २००८ च्या आरएफसी ५२२७ या इंटरनेट-मानकाने हीच विचारपूस उपकरणांच्या अंगी बाणवली. ॲड्रेस घेण्याआधी उपकरण स्वतःचा ॲड्रेस ०.०.०.० असा कोरा ठेवून विचारतं, म्हणजे उगाच कुणाच्या तक्त्यात खोटी नोंद होत नाही. मला ही सभ्यता फार आवडते.

तरीही एक जागा उरतेच. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं पॅनेल पिंगलाही दिसत नाही आणि एआरपीलाही. एसटीत निदान खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते. बंद यंत्राने तेवढंही केलेलं नसतं. सोमवारी पहिल्या पाळीला कुणी ब्रेकर चढवतो आणि चालती लाइन थांबते. त्यामुळे लॅपटॉप उघडण्याआधी मी मेंटेनन्सवाल्यांकडे ॲड्रेसची वही मागतो, आणि ती नसेल तर पॅनेलची दारं एकेक करून उघडतो, बंद असलेल्यांची आधी.