उचंत खात्यातील एक नोंद

बँकेत असताना काही गावांची नावे आपण न पाहताच ओळखीची होऊन जातात. मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरातील एका शाखेत १९८८ साली माझी परकीय चलन विभागात नेमणूक झाली. तो परिसर त्या काळी हिऱ्यांच्या व्यापाराचे माहेरघर होता. कच्च्या हिऱ्यांच्या आयातीची आणि पैलू पाडलेल्या हिऱ्यांच्या निर्यातीची बिले रोज टेबलावर येत आणि त्यांतील निम्म्यांवर एकच नाव असे : अँटवर्प. संध्याकाळी घरी गेल्यावरही ते नाव माझ्या बोलण्यात येई. एके दिवशी, १९८९ मध्ये, पत्नीने विचारले, "अहो, हे गाव आहे तरी कसे?" मी बेफिकीरपणे म्हणालो, "एकदा तुला दाखवीनच."

हिशेबशास्त्रात ज्या रकमेचे योग्य खाते त्या वेळी सापडत नाही, ती रक्कम उचंत खात्यात टाकण्याची रीत आहे. नियम असा, की अशी नोंद लवकरात लवकर निकाली काढावी. शाखेच्या तपासणीत जुन्या उचंत नोंदींवरून मी अनेकांना खडसावले. माझ्या स्वतःच्या संसारातील ही नोंद मात्र ३५ वर्षे तशीच राहिली. आधी बदल्या आल्या. मग मातोश्रींना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढील ११ वर्षे घर सोडणे शक्य झाले नाही. त्यानंतर मुलीचे वैद्यकीय शिक्षण आणि विवाह झाला. निवृत्तीनंतर एकदाची २०२०च्या मे महिन्याची तिकिटे काढली, तर कोरोनाने सारे जगच बंद केले. पत्नीने कधी तक्रार केली नाही. तक्रार नाही म्हणजे अपेक्षाही नाही, असा सोयीचा अर्थ मी काढीत राहिलो.

गेल्या वर्षी पर्युषणानंतर तिने सांगितले, "मला आता दिग्व्रत घ्यायचे आहे." आपल्या वाचकांना हे व्रत परिचित आहेच. तीन गुणव्रतांपैकी हे पहिले. दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखून घ्यायची आणि जन्मभर त्या मर्यादेबाहेर पाऊल टाकायचे नाही. मर्यादेबाहेरच्या जगातील आरंभ-परिग्रहापासून माणूस त्यायोगे आपोआप मुक्त होतो. मी म्हणालो, "मग अँटवर्प?" ती हसली. "म्हणून तर विचारते आहे. न्यायचे असेल तर चातुर्मासाच्या आत न्या. नाहीतर तसे सांगा, म्हणजे मी मर्यादा आखायला मोकळी."

यंदाच्या जून महिन्यात आम्ही निघालो. सामानात भाजणीचे पीठ, मेतकूट, दशम्या, खाकरे, लहानसा कुकर आणि पाणी गाळण्याचे स्वच्छ वस्त्र होते. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली आठ दिवसांसाठी घेतली होती.

अँटवर्पचे पहिले दर्शन रेल्वे स्थानकातच घडते आणि ते कोणालाही थक्क करील असेच आहे. १९०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा घुमट सुमारे ७५ मीटर उंच आहे. आत पाय ठेवताच आपण फलाटावर नव्हे, एखाद्या प्रार्थनामंदिरात आलो आहोत असे वाटते. पुढे गाड्यांची ये-जा एकाखाली एक अशा तीन पातळ्यांवर चालते. स्थानकाला लागूनच हिऱ्यांचा बाजार आहे. ज्या गल्लीचे नाव मी शेकडो बिलांवर वाचले होते, ती होव्हेनियर्सस्ट्राट प्रत्यक्षात अगदी अरुंद, साधी, पहाऱ्यातली गल्ली निघाली. "एवढीच?" पत्नी म्हणाली. मलाही दुसरे काही सुचले नाही.

खरा आनंद मला दिला तो जुन्या विनिमयगृहाने. १५३१ साली अँटवर्पने व्यापाऱ्यांसाठी खास बाजारगृह बांधले. चौकोनी अंगण, भोवती कमानींच्या ओवऱ्या आणि सर्व देशांच्या व्यापाऱ्यांना मुक्त प्रवेश, अशी त्याची रचना होती. इंग्लंडच्या राजसत्तेसाठी येथे कर्जे उभारणाऱ्या टॉमस ग्रेशमने तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून लंडनचे रॉयल एक्स्चेंज उभारले. 'वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलतो' हा ज्याच्या नावाचा नियम आपण वाणिज्य शाखेत पाठ केला, तोच हा ग्रेशम. जुनी इमारत १८५८च्या आगीत गेली आणि आजची १८७२ची आहे. कधी काळी येथे युरोपभरच्या हुंड्या वटत होत्या. पुढे १५८५ साली शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले, शेल्ट नदीचा व्यापारी मार्ग बंद झाला आणि सारी लक्ष्मी अ‍ॅम्स्टरडॅमला निघून गेली. अनित्य भावनेचे चिंतन करण्यास बाजारपेठेसारखी दुसरी जागा नाही, हे मला त्या रिकाम्या ओवऱ्यांत उमगले.

आहाराचा प्रश्न मात्र रोज नव्याने उभा राही. या देशाची ओळख म्हणजे बटाट्याचे तळलेले काप. ते कंदमूळ म्हणून वर्ज्य. वॅफलमध्ये अंडे, काही चॉकलेटांत मद्य आणि चीजमध्ये वासराच्या जठरातील विकर असण्याचा संभव. मी चष्मा लावून वेष्टने वाचीत राही आणि बहुधा फळे, दूध आणि पाव घेऊन परते. मात्र सर्वांत मोठा पेच सूर्यानेच घातला. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. रात्रीभोजनाचा तिचा त्याग लग्नाआधीपासूनचा. पहिल्या दिवशी भटकून आठ वाजता परतलो. बाहेर लख्ख ऊन होते. मी म्हणालो, "सूर्य अजून हातभर वर आहे, निवांत जेवू." ती म्हणाली, "व्रत सूर्याला फसवण्यासाठी नाही हो घेतले. संध्याकाळी पोटाला आणि मनाला थांबायला शिकवायचे, एवढाच त्याचा अर्थ मला कळतो. घरी आपण साडेसहाला आटोपतो, इथेही तसेच करू." तिने त्या दिवशी फक्त पाणी घेतले. दुसऱ्या दिवसापासून आमचे जेवण साडेसहालाच होऊ लागले आणि नंतरचे तीन तास उजेडात नदीकाठी चालण्यासाठी मिळू लागले. संपूर्ण प्रवासातील सर्वांत सुखाचे तास तेच होते. व्रताने काही हिरावून घेतले नाही, उलट मोकळा वेळ दिला.

चौथ्या दिवशी प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात गेलो. क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणी करणारा कारागीर. १५५५ पासून त्याने येथे छापखाना चालवला आणि तो युरोपातील अग्रगण्य मुद्रक ठरला. त्याचे घर, छापखाना, खिळे, ग्रंथ सारे जागच्या जागी जपलेले आहे. जगातील सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी दोन मुद्रणयंत्रेही तेथे उभी आहेत. मला ओढ होती ती त्याच्या हिशेबवह्यांची. कागद किती, मजुरी किती, कोणाकडून येणे किती, हे सारे त्या पेढीच्या दप्तरात शतकानुशतके सुरक्षित राहिले आहे. मी पत्नीला उत्साहाने सांगू लागलो की दुहेरी नोंदपद्धतीवर पचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये लिहिले, पण डच भाषेत त्यावरचे पुस्तक १५४३ साली याच गावी निघाले. लेखक यान इम्पिन नावाचा व्यापारी. पुस्तक छापून होण्याआधीच तो वारला आणि त्याच्या विधवेने, अ‍ॅना स्विंटर्सने, ते प्रसिद्ध केले.

ती मुद्रितशोधकांच्या खोलीत थांबली होती. ओकच्या लाकडाचे जुने मेज आणि खिडकीतून येणारा उजेड. प्लांटिनने १५६८ ते १५७२ या काळात पाच भाषांतील बायबल छापले, तेव्हा त्याची चौथी मुलगी मॅग्दालेना हिब्रू आणि ग्रीक मुद्रिते वाचण्याच्या कामी मदत करीत असे. त्या वेळी ती लहान वयाची मुलगीच होती. ही माहिती ऐकून पत्नी बराच वेळ त्या मेजाकडे पाहत राहिली आणि मग सहज म्हणाली, "चारशे वर्षांपूर्वी त्या मुलीलाही काम होते."

मला प्रथम काही कळले नाही. कळले ते जिना उतरताना. लग्नानंतर मुंबईत ती गिरगावातील एका शाळेत गणित शिकवीत होती. १९९३ साली माझी नांदेडला बदली झाली. तिने राजीनामा दिला. "दोन वर्षांत मुंबईला परत येऊ, मग बघू," हे शब्द माझे होते. मुंबईला परत येणे झालेच नाही. आणखी चार बदल्या झाल्या आणि ते 'मग बघू' माझ्या स्मरणातून साफ पुसले गेले. अँटवर्पची नोंद निदान मला आठवत तरी होती. ही नोंद मी वहीतच धरली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही सेंट अ‍ॅना बोगद्याने नदीपलीकडे गेलो. १९३३ साली केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी बांधलेला हा बोगदा ५७२ मीटर लांब असून नदीखाली सुमारे ३१ मीटर खोल आहे. खाली उतरण्यासाठी त्या काळचे लाकडी सरकते जिने आजही चालू आहेत. आदल्या दिवशी एका संग्रहालयाच्या गच्चीवरून आम्ही शहर पाहिले होते. तिचा गुडघा दुखत होता, तरी ती खट्याळपणे म्हणाली, "काल ऊर्ध्व दिशा झाली, आज अधोदिशा. आता तिर्यक् दिशेने चालायचे." दिग्व्रताचे अतिचार तिने मनात घोळवून ठेवले होते : वरची मर्यादा ओलांडणे, खालची ओलांडणे, तिरकी ओलांडणे, क्षेत्र वाढवणे आणि पाचवा, आखलेली मर्यादा विसरून जाणे. पलीकडच्या काठावर बसल्यावर मला तो पाचवाच टोचत राहिला. आपणच आखलेली मर्यादा विसरणे हा जर दोष, तर दिलेला शब्द विसरणे हा काय मानावा?

मी विचारले, "शाळेचे तू कधीच बोलली नाहीस." ती म्हणाली, "बोलून काय झाले असते? बदली थोडीच रद्द झाली असती? पण तुम्ही एकदा विचारले असते, तर बरे वाटले असते." समोर १२३ मीटर उंचीचा कॅथेड्रलचा मनोरा उन्हात उजळत होता. ज्या गावासाठी ३५ वर्षे थांबलो, ते समोर पसरले होते आणि मला मात्र गिरगावातील त्या शाळेचे फाटक दिसत होते.

निघण्यापूर्वी आधी कळवून आम्ही विल्रेक उपनगरातील जिनमंदिरात गेलो. हिरेव्यापारी जैन समाजाने उभारलेले हे शुभ्र संगमरवरी मंदिर २०१० पासून तेथे आहे. मूलनायक भगवान पार्श्वनाथ. आम्ही दिगंबर परंपरेतले, मूर्तीचे नेत्र आणि अलंकार पाहण्याची आम्हांला सवय नाही. पण परदेशात आठ दिवसांनी जिनबिंब दिसले, तेव्हा णमोकार म्हणताना परंपरेचा भेद आठवलाही नाही. तेथे एक वृद्ध पालनपुरी गृहस्थ भेटले. चाळीस वर्षे याच गावी व्यापार करणारे. त्यांची काही बिले कदाचित माझ्याच टेबलावरून गेली असतील, या योगायोगावर आम्ही हसलो. प्लांटिनच्या घराविषयी मी विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "ते पाहायचे राहिलेच. पुढच्या सुट्टीत बघू, असे म्हणता म्हणता..." पत्नीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

परतल्यावर चातुर्मासाच्या आरंभी जवळच्या गावी आर्यिका माताजींच्या सान्निध्यात तिने दिग्व्रत घेतले. पूर्वेस सम्मेदशिखर, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस गिरनार, उत्तरेस हस्तिनापूर. मीही तीच मर्यादा घेतली. अँटवर्पची नोंद अशा रीतीने निकाली निघाली.

दुसरी नोंद तशी निघणारी नाही. दरवर्षी क्षमावाणीला आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. कळत-नकळत घडलेल्या सर्व अपराधांची, घाऊक. बँकेच्या भाषेत हे तपशिलाविना एकरकमी समायोजन झाले. कोणताही तपासणीस ते मान्य करणार नाही. यंदा मी पहिल्यांदाच तपशील सांगून क्षमा मागितली : १९९३ साल, नांदेडची बदली, गिरगावची शाळा आणि माझे 'मग बघू'. तिने हात जोडले, "क्षमा आहे," म्हणाली आणि थोड्या वेळाने चहा ठेवायला उठली.

बुडीत रक्कम निर्लेखित करण्याचा अधिकार ज्याचे येणे असते त्यालाच असतो, ज्याचे देणे आहे त्याला नाही. तिने तो वापरला. माझ्या वहीत मात्र ती नोंद मी जिवंतच ठेवणार आहे. पाचवा अतिचार पुन्हा घडू नये म्हणून.